रायमुनिया काढली तरी दर पावसाळ्यात परत येते: कारण शोधा, मग कुदळ उचला

तक्रार सगळ्या गावांतून एकच येते. ग्रामसभेच्या जंगलात, शाळेमागच्या टेकडीवर किंवा तलावाच्या पाळीवर लोक श्रमदानाला उतरतात, सकाळभर रायमुनिया (कुणी घाणेरी म्हणतात, कुणी टणटणी) तोडतात, जागा मोकळी होते, फोटो निघतात. मृग-आर्द्रा बरसतात आणि पोळ्याच्या सुमाराला पाहावं तर त्याच जागी कमरेएवढी झुडपं, आधीपेक्षा दाट. पुढच्या वर्षी श्रमदानाला निम्मेच लोक येतात. "कायले जाता भाऊ, थे तं येतेच वापस," असं पारावरून कुणीतरी म्हणतं आणि त्याला उत्तर देता येत नाही.

उत्तर आहे, पण ते जागेवर जाऊन शोधावं लागतं. खालचं सगळं भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या धानपट्ट्यातल्या गावांना समोर ठेवून लिहिलं आहे. यवतमाळ-अमरावतीकडच्या कापूसपट्ट्यात कामाच्या वेळा बदलतील, बाकी तेच.

आधी एक झुडूप उपटून पाहा

गेल्या वर्षी साफ केलेल्या जागेत जा. परत आलेली आठ-दहा झुडपं वेगवेगळ्या ठिकाणची निवडा आणि प्रत्येकाच्या बुडाशी माती उकरून पाहा. चारपैकी एक गोष्ट दिसेल. जमिनीत जुनं, मनगटाएवढं खुंट आहे आणि त्यातून झुबक्यानं कोवळे फुटवे निघालेत. किंवा बारीक सरळ सोटमूळ आहे, खुंट नाही, म्हणजे रोप बियांपासून आलेलं. किंवा आडवी पडलेली जुनी फांदी आहे आणि तिला मधेमधे मुळ्या फुटल्यात. किंवा मुळात ही रायमुनियाच नाही, तिच्या जागी रानतुळस नाहीतर तरोटा (टाकळा) उभा आहे आणि लांबून सगळं हिरवं एकसारखंच दिसतंय.

या चारही गोष्टींवरचा इलाज वेगळा आहे. हे न पाहता दरवर्षी तेच श्रमदान तसंच केलं, तर घाम जातो आणि रायमुनियाची छाटणी होते.

खुंटातून फुटवे

धानपट्ट्यातल्या बहुतेक गावांत हेच निघेल, म्हणून इथं जरा थांबू.

रायमुनियाचं खोड जिथं मुळाला मिळतं, तो जमिनीलगतचा गाठीसारखा भाग म्हणजे तिचा जीव. तिथं सुप्त डोळे असतात. कुऱ्हाडीनं किंवा कोयत्यानं वीतभर वरून तोडलं की हे डोळे जागे होतात आणि एका खोडाच्या जागी पाच-सात फुटवे येतात. जाळलं तरी तेच होतं. वरचं जळतं, मातीतली गाठ शाबूत राहते, आणि पाऊस पडला की राखेतून ती सगळ्यांच्या आधी वर येते. आगीत मरतं ते गवताचं बी आणि चार (चारोळीचं झाड), तेंदू यांची लहान रोपं, म्हणजे रायमुनियाला टक्कर देणारं जे काही तिथं होतं ते.

याच्या उलट टोकाला अख्खं मूळ खणून काढणारे असतात. जेसीबी लावतात, खड्डे पाडतात. एवढी गरज नसते. उकरलेल्या मातीत दडलेल्या बियांना ऊन आणि ओल मिळते आणि वर्षभरात तिथं रायमुनियाची नर्सरी तयार होते.

दिल्ली विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात यावर एक साधी पद्धत बसवली. आता देशातल्या बऱ्याच जंगलांत ती वापरतात. मुख्य मूळ जमिनीच्या तीन ते पाच सेंटिमीटर खाली, त्या गाठीच्या खालून कापायचं. बस. खाली राहिलेल्या मुळाला फूट येत नाही. वरचा भाग गाठीसकट उचलायचा आणि उलटा ठेवायचा, मुळं आभाळाकडे.

प्रत्यक्षात हे दोघांचं काम आहे. एकानं लांब बेचकीच्या काठीनं फांद्यांचा पसारा एका बाजूला रेटून धरायचा. दुसऱ्यानं बुडाशी बसून अरुंद पात्याच्या टिकासानं किंवा कुदळीनं दोन-तीन घाव घालायचे, तेही तिरपे, मातीच्या आत. अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातात जाड मोजे हवेत, कारण खोडावर बारीक आकडेदार काटे असतात. पहिल्या दिवशी लोकांना हे हळू वाटतं. कोयता घेऊन सपासप तोडणारा तेवढ्या वेळात तिप्पट जागा मोकळी करतो आणि त्याचंच कौतुक होतं. त्याच्या हातातला कोयता काढून घेऊन त्याला बेचकी द्या.

आता वेळेचं. श्रमदानाचा मुहूर्त बहुतेक ठिकाणी ५ जून असतो, पर्यावरण दिन म्हणून. ५ जूनला विदर्भातली जमीन दगड असते. त्या मातीत टिकास शिरत नाही, झुडूप ओढलं की नेमकं गाठीच्या वरून मोडतं, आणि वर डोक्यावर ऊन. बॅनरसाठी तारीख चांगली आहे, रायमुनियासाठीही चांगली आहे. काम व्हायचं तर माती ओली हवी. जुलै-ऑगस्टमध्ये माती मऊ असते, पण तेव्हा अख्खं गाव रोवणीत असतं आणि त्या दिवसांत श्रमदानाची दवंडी देणाऱ्याला लोक वेड्यात काढतील. रोवणी आटोपल्यावर, पोळा ते हलक्या (लवकर पिकणाऱ्या) धानाची कापणी सुरू होईपर्यंत जे दिवस मिळतात ते सगळ्यात चांगले: माती ओली, हात मोकळे, झुडूप पानांनी भरलेलं म्हणून ओळखायला सोपं. दुसरी फेरी भारी धान निघाल्यावर. तोवर जमिनीत थोडी ओल असतेच.

ढिगातून मुळ्या

हे आळसाचं फळ आहे, पण दोष लोकांचा नाही, सांगणाऱ्याचा. तोडलेली झुडपं जिथं पडली तिथंच सोडली किंवा नाल्याच्या काठावर टाकली की ओल्या मातीला टेकलेल्या फांद्या मुळ्या धरतात. खडक असेल तर खडकावर, नाहीतर एकावर एक रचून, मुळं वर करून, झाडांच्या सावलीबाहेर ढीग लावा. नाल्यापासून लांब. फळं धरलेली असतील तर घोस आधी तोडून पोत्यात भरा. तशाच फांद्या जंगलभर ओढत नेल्या की वाटेनं पेरणी होते.

वाळल्यावर जळण होतं. कुंपणालाही चालतं, पूर्ण वाळलेलं असेल तरच. हिरवं कुंपण घालू नका.

गुरं सहसा तोंड लावत नाहीत, पण चाऱ्याच्या टंचाईत किंवा बाहेरगावाहून नवं आणलेलं जनावर खातं. पानांतलं विष यकृतावर जातं. खाणं सुटतं, डोळे पिवळे पडतात, उन्हात गेलं की नाकपुडी आणि अंगावरची पांढरी कातडी सोलते. अशा जनावराला आधी सावलीत बांधा, मग पशुवैद्यकाला फोन करा. ओले ढीग गोठ्याच्या वाटेवर लावू नयेत याचं हेही एक कारण.

बियांपासून आलेली रोपं

एकदा गाठी नीट निघाल्या की दुसऱ्या वर्षी हीच दिसतात आणि लोकांना वाटतं सगळं फुकट गेलं. तसं नाही. हा टप्पा येणारच, आणि तो सगळ्यात सोपा आहे, फक्त कुणीतरी यायला हवं.

काळी पिकलेली फळं बुलबुल आणि साळुंक्या खातात आणि ज्या झाडावर बसतात त्याखाली बी टाकतात. त्यामुळे रोपं सगळीकडे सारखी उगवत नाहीत. मोह, पळस, बेहडा अशा एकट्या उभ्या, पक्ष्यांच्या बसत्या झाडांखाली आणि पाणी वाहून जाणाऱ्या घळींमध्ये त्यांची दाटी असते. पूर्ण जागा पालथी घालण्याची गरज नाही. अशी झाडं आणि घळी एकदा कागदावर उतरवून घ्या आणि तेवढ्याच ठिकाणी फिरा. वीतभर रोप पावसानंतर दोन बोटांनी उपटून येतं. हाताला ताकद लागत नाही, पाठ मात्र दुखते. ज्यांना टिकास झेपत नाही त्या बायाबापड्या, म्हातारी माणसं हे काम तरण्यांपेक्षा नीट करतात. धानातलं निंदण वर्षानुवर्षं काढलेल्या हाताला रोप ओळखायला शिकवावं लागत नाही.

पहिल्या सफाईनंतर निदान दोन वर्षं या फेऱ्या हव्यात. मातीतलं बी त्यानंतरही काही वर्षं टिकू शकतं, पण संख्या वेगानं घटते. शेजारच्या खासगी पडीत किंवा रस्त्याच्या कडेला फळांनी लगडलेली झुडपं उभी असतील तर पक्षी तिथून बी आणत राहतील. त्या शेतकऱ्याशी बोलायला सरपंचांना पाठवू नका. ज्याचं त्याच्याकडे येणंजाणं आहे त्या काकांना पाठवा.

रायमुनिया गेली, रानतुळस आली

मोकळी माती मोकळी राहत नाही. रायमुनियाखाली गवत मेलेलं असतं, त्यामुळे ती काढल्यावर पहिल्या पावसात जे आधी पोचेल ते जागा घेतं. आपल्याकडे आधी पोचतात तरोटा आणि रानतुळस. दोन्ही एका वर्षाची झाडं, दोन्हींचं बी अमाप, दोन्हींना गुरं खात नाहीत. ताडोब्यातल्या कुरणांमध्ये वनविभाग हीच दोन झाडं फुलावर येण्याआधी उपटतो, ते याचसाठी. बी पडल्यावर उपटणं म्हणजे पेरणीला मदत. तरोट्याची कोवळी भाजी आखाडीच्या दिवसांत घरोघरी होतेच. जागा गावाजवळ असेल तर खुडणाऱ्यांना तिकडे वळवा, हे श्रमदान न सांगता होतं.

कायमचा उपाय म्हणजे गवत परत आणणं. मारवेल आणि पवन्या ही आपल्या कुरणांची गवतं, गुरांना आवडणारी. विकतचं बी शोधत बसण्यापेक्षा गावातच जिथं चांगलं गवत शिल्लक आहे, एखादा बांध, देवराई, स्मशानाची कडा, तिथलं गवत बी पक्व झाल्यावर कापून ठेवा आणि मृगाआधी मोकळ्या जागेवर पसरा. बी झडून पडतं, काड्या माती झाकतात. मग एक-दोन पावसाळे तेवढ्या तुकड्यात चराईबंदी. चराईबंदीचा ठराव गुराख्याला न विचारता केला तर तो कागदावरच राहील, कारण गुरं कुठून जातात हे त्याच्या हातात आहे. त्याला आधी दुसरी वाट आणि दुसरं पाणी दाखवा.

रोपं लावण्याची घाई करू नये असं माझं मत आहे. रायमुनियाच्या आत वर्षानुवर्षं दबलेली तेंदू, चार, पळस, ऐन यांची जिवंत खोडं असतात आणि ऊन मिळालं की तीच जोरात वर येतात. त्यांना वाचवायचं असेल तर सफाईच्या आदल्या दिवशी दोन जाणती माणसं फिरवा आणि प्रत्येक देशी रोपाला रंगीत चिंधी बांधा. नाहीतर उत्साही हात सगळंच कापतात, आणि मग त्याच जागी खड्डे खणून बाहेरून आणलेली रोपं लावण्याचा दुसरा कार्यक्रम होतो.

चराऊ जागेत गाजरगवत माजलं असेल तर ते फुलोऱ्याआधी मोजे घालून मुळासकट उपटा. उघड्या हातानं अंगाला खाज आणि काहींना दमा होतो. त्यावरचा मेक्सिकन भुंगा भारतात १९८०च्या दशकात आणला गेला. तो पावसाळ्यात पानं फस्त करतो. तुमच्याकडे तो दिसत असेल तर त्या जागेत फवारणी करू नका. फवारणीबद्दल एवढंच: तणनाशकानं काम झटपट होईल असं सांगणारे भेटतील. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपल्याच भागात. ज्या जागेतून गावाच्या नाल्याला पाणी येतं, जिथं बाया मोहफुलं वेचतात, तिथं तो मार्ग नको.

सगळं बरोबर केलं तरी परत येते

मग जागा जास्त घेतली आहे. याचा रायमुनियाशी कमी आणि हाजरीशी जास्त संबंध आहे. पहिल्या दिवशी शंभर माणसं येतात, शंभर माणसांच्या हिशेबानं जागा साफ होते, आणि दुसऱ्या वर्षी रोपं उपटायला पंधरा येतात. हिशेब त्या पंधरांचा धरायला हवा. पुढची दोन वर्षं नक्की येणारे किती, ते आधी मोजा, आणि ते जेवढं सांभाळतील तेवढाच तुकडा घ्या. तो लाजिरवाणा लहान निघतो. निघू द्या.

सिडनीजवळ राहणाऱ्या ब्रॅडली आडनावाच्या दोन बहिणींनी १९६०च्या दशकात आपल्या भागातल्या रानात परकी झुडपं काढताना एक क्रम ठरवला होता. आधी जिथं देशी रान चांगलं आहे आणि तण तुरळक आहे तिथून सुरुवात करायची, आणि तिथून दाट तणाकडे हळूहळू सरकायचं. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. सगळ्यात दाट, सगळ्यात वाईट जागा आधी घेतली जाते, कारण फरक फोटोत तिथंच दिसतो. पण चांगल्या जंगलात शिरू लागलेली दहा झुडपं काढली तर तिथलं गवत स्वतःच उरलेली जागा धरतं, आणि दाट सावलीत रायमुनियाला तसंही फारसं जमत नाही. उतार असेल तर वरून खाली या, कारण बी पाण्याबरोबर खाली येतं. अपवाद एकच: शाळेची वाट, पाणवठ्याची वाट, घरांची मागची बाजू. तिथली दाटी रानडुक्कर आणि बिबट्याला लपण देते, ती आधी काढावी. आतल्या दाट जाळ्या मात्र एकाच वर्षात सपाट करू नका. देशी झुडपं येईपर्यंत सशांना, तितरांना तोच आडोसा असतो.

लोक टिकवायचे तर मजुरीचा प्रश्न टाळून चालत नाही. ज्याचं घर रोजीवर चालतं त्याला महिन्यातून चार सकाळी फुकट मागणं बरोबर नाही. गाठी काढण्याचं जड काम रोहयोतून किंवा सामूहिक वनहक्काच्या निधीतून बसवा, आणि रोपं उपटण्याच्या हलक्या फेऱ्या श्रमदानाला ठेवा. चहा आणि चना-पोहा कामाच्या शेवटी द्या. आधी दिला की निम्मे खाऊन जातात.

जाण्याआधी

जंगल कुणाचं हे आधी पाहा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळालेला असेल तर ग्रामसभेच्या व्यवस्थापन आराखड्यात हे काम लिहून घ्या. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा आणि चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव या गावांनी आपलं जंगल ग्रामसभेतूनच सांभाळलं आहे. हक्क नसेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांचं लेखी पत्र घ्या, तोंडी "करा करा" चालत नाही. ढीग जंगलात पेटवू नका. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे, आणि उन्हाळ्यात ती आग ढिगापुरती राहत नाही.

वाघाच्या पट्ट्यात, म्हणजे ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाहीकडे, जाळीत वाकून काम करणं धोक्याचंच आहे. ऊन वर आल्यावरच आत जा आणि दिवस कलण्याच्या आत बाहेर या. वनरक्षक सोबत असावा. पाच-सहांची टोळी, त्यातला एक जण काम न करता फक्त उभा राहून पाहणारा. आत शिरण्याआधी काठीनं जाळी झोडा. अस्वल, घोणस, फुरसं, सगळ्यांना जागा सोडायला वेळ मिळतो. ताजी पावलं किंवा ओढलेल्या जनावराची खूण दिसली तर त्या दिवशीचं काम तिथंच थांबवा. या बाबतीत हो-ना करणाऱ्या पुढाऱ्याचं ऐकू नका.

तलावात बेशरम (पाण्याकाठी माजणारं झुडूप) असेल तर

तिला वरचा एकही नियम तसाच लागू होत नाही. रायमुनिया ओल्या मातीत काढायची, बेशरम पाणी आटल्यावर. तिच्या कांडीचा प्रत्येक तुकडा मूळ धरतो. भर पावसाळ्यात उभी कापली तर तुकडे लाटांनी दुसऱ्या काठाला लागतात आणि पुढच्या वर्षी तलावाला चारही बाजूंनी बेशरम. वैशाखात गाळ उघडा पडला की मुळासकट खणा, ट्रॅक्टर मिळाला तर तळ नांगरून घ्या, तुकडे वेचून काढा. ढीग पाळीच्या बाहेर, पुराचं पाणी पोचणार नाही अशा जागी लावा. पाळीवर ठेवला तर पहिल्या पुरानं परत आत येतो. शेळ्यांना त्या ढिगापासून लांब ठेवा. रोज थोडी थोडी खाल्ली तरी त्यांचा तोल जातो.

भंडारा-गोंदियातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर ढीवर समाजानं, विशेषतः बायांनी, बेशरम काढून पावसाळ्यात तिथं देशी पाणवनस्पती लावल्या आहेत. देशी मासे त्यांच्या आधारानं राहतात आणि वीण घालतात. हे करण्याआधी तलाव ज्या मच्छीमार संस्थेकडे ठेक्यानं आहे तिच्या बैठकीत बसा. कोणत्या बाजूला कोणती वनस्पती पूर्वी होती, पाणी कुठवर चढतं आणि कोणत्या महिन्यात जाळं पडतं, हे त्यांना विचारल्याशिवाय कुदळ लावू नका.